कोऱ्या बांबूचं घर

"अमोघला मीच लहानाचा मोठा केलाय, म्हणून सांगते. त्याच्या मोजमापाच्या आड येऊ नकोस," लग्न ठरलं तेव्हा उषाआत्या म्हणाल्या होत्या. सुलक्षणा हसली होती. आईविना वाढलेला भाचा. त्याच्यावरचा हक्क आत्या अशा दाखवणारच, एवढंच तिनं त्यातून घेतलं.

आता कोळवणच्या माळावर अमोघनं बांबूची दोन घरं बांधली होती. सिमेंटवाचून घर किती टिकतं, हे त्याचं संशोधन. एका घराचा बांबू औषधाच्या पाण्यात मुरवलेला, दुसऱ्याचा कोरा. बाकी सगळं सारखं: कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, रोज पेटणारी चूल. मुरवलेल्या घरात तो, सुलक्षणा आणि तान्ही किमया. कोऱ्या घरात उषाआत्या.

कोऱ्या बांबूला कीड लागली. आत्यांच्या अंथरुणावर पिवळी पिठी पडायची. त्यांनी ती झाडली की अमोघ चिडायचा. त्याला ती वजन करायला हवी असायची. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायच्या, "देव वरून पीठ धाडतोय. भाकऱ्या तेवढ्या मी थापायच्या."

मे संपत आला आणि त्यांच्या खाटेवरचा वासा वाकला. सकाळी अमोघ दोरी लावून त्याचं माप घेत होता. आत्या खाली बसून तांदूळ निवडत होत्या. किमयाला कडेवर घेऊन सुलक्षणा दारात उभी राहिली. पाऊस लागला की गवत भिजेल, छप्पर जड होईल, निदान एक टेकू तरी लावू या, असं तिनं सुचवलं.

"टेकू लावला की संपलंच. कधी मोडतो तेच तर बघायचंय."

"मग आत्यांना आपल्याकडे आणू. हे राहू दे रिकामं."

"रिकाम्या घरात धूर नसतो, वावर नसतो. तुलना कशाशी करू?" त्यानं दोरीला गाठ मारली. "आत्याला काढायचं तर तू आणि किमया इकडे या. मला चालेल."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

सुलक्षणानं वाशाकडे पाहिलं. तिचा हात आपसूक किमयाच्या टाळूवर गेला.

"राहू दे," ती म्हणाली. "आत्यांना इथलं सवयीचं झालंय."

आत्या किमयाकडे बघून हसल्या.

पावसाच्या तोंडावर ती बाळाला घेऊन भूगावला माहेरी आली. फोन केला की अमोघ वाशाचं सांगतो, किती वाकला ते. आत्यांचं विचारलं की नुसतं 'ठीक' म्हणतो. म्हणून कोळवणच्या एसटीची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, आणि तुम्हालाही सांगतेय: तिकडे गेलात तर माळावरच्या डावीकडच्या घरात तेवढं डोकावून या. बाहेरून हाक मारून भागायचं नाही, आत्यांना ऐकू कमी येतं. आत जावं लागेल.