बघू दे तिला

वडगावच्या इंदुताईंनी पाळलेल्या सशांच्या जोडीतला नर सकाळी मेला. त्यांची सून सुवर्णा त्याला पुरायला परसात खड्डा खणू लागली, तशी इंदुताईंनी तिला थांबवलं.

"डॉक्टर म्हणालेत, तासभर मादीजवळ ठेवा. बघू दे तिला, हुंगू दे. न्हायतर बिचारी जन्मभर त्याला हुडकत बसंल."

खडखडाटानं ती बिचकू नये म्हणून त्यांनी घरातला कापड विणायचा मागही बंद ठेवला. मादीनं नराचं कपाळ चाटलं, त्याला बिलगून बसली आणि मग आपली आपण बाजूला झाली.

सुवर्णाला राहवलं नाही. "आत्या, जन्मताच गेलेली माझी पोरगी तुम्ही मला न दाखवताच पुरलीसा. कुठं पुरलीसा, एवढं तरी सांगा."

 

मादीपुढं कोथिंबीर ठेवत इंदुताई म्हणाल्या, "दोन वर्सं झाली गं. आता कुणाच्या ध्यानात हाय ते?"