एकच ‘प्पा’

“माझं आधी,” ईश्वरप्पा म्हणाला.

“न्हाय, माझं,” मडिवाळप्पा म्हणाला.

सोलापुरातल्या त्या छापखान्यात यंत्र एकच, आणि कुंभारी गावचे हे दोघे सख्खे भाऊ ग्रामपंचायतीच्या एकाच जागेसाठी एकमेकांविरुद्ध उभे. अर्ज भरल्यापासून बोलणं बंद. दोघांनाही भिंतीवर लावायचे कागद आजच हवे होते. गावच्या वेशीला चांगली भिंत एकच. ज्याचा कागद आधी चिकटेल, भिंत त्याची.

छापखानेवाला कमलाकर मोठा बिलंदर. त्याला दोन्ही गिऱ्हाइकं हवी होती.

“भांडता कशाला? नावाची मोठी लाकडी अक्षरं आहेत माझ्याकडे, पण त्यात ‘प्पा’चा ठोकळा एकच आहे. तुम्हा दोघांत प्पा एकच!”

दोघांनी एकदम माना खाली घातल्या. वडलांना ते घरात अप्पाच म्हणायचे. म्हातारा गेला त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

“मग कसं करनार?” ईश्वरप्पानं विचारलं.

“‘प्पा यांनाच निवडून द्या’ एवढं दोघांचं सारखंच की! सगळ्या कागदांवर आधी तेवढंच छापतो. मग त्याच्या अलीकडे एकाला ‘ईश्वर’ जोडतो, एकाला ‘मडिवाळ’. गठ्ठे मात्र दोघांना एकदमच देणार. पुढं वेशीपर्यंत ज्यानं त्यानं पळायचं.”

दोघे बाकाच्या दोन टोकांना बसले. चहा आला, तोही त्यांनी दोन दिशांना तोंडं करून प्यायला. यंत्र खडखडत राहिलं आणि ओले कागद एकेक करून दोरीवर चढत गेले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच मजकूर: प्पा यांनाच निवडून द्या.

ईश्वरप्पानं मान तिरकी करून एक कागद वाचला, मग शेजारचा. मग सगळी दोरी वाचून काढली. त्याला हसू आलं.

“मडिवाळ,” त्यानं हाक मारली. “बघ की. अप्पा हुबे राहिलेत.”

मडिवाळप्पानं वर पाहिलं. हसू आवरायला ओठ घट्ट दाबून धरले, पण ते काही जमेना.

“मग मेलोच की आपण,” तो म्हणाला. “दोगांचंबी डिपॉझिट जप्त!”