दसऱ्याचा हार

केशोरीच्या खळ्यावर धानाची मळणी ऐन रंगात असताना ट्रॅक्टरच्या तोंडातून भसाभसा वाफ निघाली. दुर्गानं इंजिन बंद केलं, चाबी पदराला बांधली आणि खाली उतरली. मजुरांदेखत सासऱ्यानं हात पसरला. “चाबी दे! बाईचा हात लागला का मशीन तापतेच. उद्यापासून ड्रायव्हर ठेवतो.” “तापली ते खरं, मामाजी. काऊन तापली, ते तर पाहू द्या!” तिनं इंजिन निवू दिलं, बॉनेट उघडलं. पाइप शाबूत होता, पंख्याचा पट्टाही घट्ट होता. रेडिएटरसमोर हात घातला, तेव्हा मात्र भुसानं माखलेला झेंडूचा वाळका हार बाहेर आला. दसऱ्याच्या पूजेत सासऱ्यानंच तो जाळीत खोचला होता. वारा शिरायला फटसुद्धा उरली नव्हती. दुर्गानं रेडिएटरात पाणी ओतलं. सासऱ्याचा हात पुन्हा चाबीसाठी पुढं आला. तिनं त्यावर हार ठेवला आणि ट्रॅक्टरवर चढली.