लिदीची ऊब

सुशीलाबाईंनी कोपरापर्यंत हात ढिगात खुपसला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ढीग गार होता.

काल दुपारी त्यांनीच त्यावर बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं होतं. परसात पत्र्याखाली सुनेनं, तारामतीनं, भाताचा पेंढा आणि घोड्याची लीद कुजत घातली होती. अळंब्या पिकवायच्या म्हणे, आणि सिकंदराबादच्या हॉटेलात विकायच्या. नवरा निजामाच्या तुरुंगात, घरात चूल पेटायची मारामार, तेव्हा तिचंही काही चुकलं नव्हतं. पण गाईचं शेण असतं तर एक वेळ चाललं असतं; घोड्याची लीद, तीही देवघराच्या खिडकीखाली? लेकाच्या सुटकेसाठी सुशीलाबाईंनी देव पाण्यात घातले होते. त्याच हातांनी त्यांनी ढीगही पाण्यात घातला.

आणि आज पहाटे, हिंदी फौजेच्या विमानांच्या धसक्यानं म्हणा की आणखी कशानं, तारामती सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी. तळहाताएवढी. रडली नाही, नुसती निळी पडत चालली. कर्फ्यूमुळे सुईण येईना. नाकेबंदीत कोळसा, रॉकेल कधीचंच संपलेलं. ओलं सरपण पेटवलं तर धुरानं पोरीचा श्वासच अडकला. बाळंतीण थंडीतापानं कुडकुडत होती, तिच्या कुशीत ठेवायची सोय नव्हती, आणि म्हाताऱ्या अंगाची ऊब पुरत नव्हती. दात वाजवत तारामतीच म्हणाली,

“आई, ढिगात ठेवा तिला. कुजताना आत ऊब धरते. मधोमध नको, भाजेल. हात सोसवेल तिथं.”

ढिगाला काय झालंय ते तिला ठाऊक नव्हतं. सुशीलाबाईंची सांगायची छाती झाली नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं घोड्याच्या लिदीत हात घालायची वेळ आली होती. चाचपडत चाचपडत त्यांचा हात भिंतीकडच्या कडेला गेला. तिथं पाणी पोचलं नव्हतं. ऊब होती.

त्यांनी मोठ्या पितळी पातेल्यात कापूस पसरला, त्यात पोर ठेवली आणि पातेलं काठापर्यंत त्या उबेत रोवलं. नाकापाशी कापसाचा एक धागा सोडला. धागा हलत होता. मग त्या तिथंच बसून राहिल्या, एक हात लिदीत आणि डोळा धाग्यावर. अंघोळ नाही, पूजा नाही, पाण्याचा घोट नाही.

दिवस कलला तसा ढीग निवायला लागला. धागा थांबून थांबून हलायला लागला.

“तारा, मीच मारली गं तिला,” सुशीलाबाई दाराशी जाऊन म्हणाल्या. “काल मी पाणी ओतलं ढिगावर.”

आतून तारामतीचा आवाज आला, “मौलाबक्षच्या तबेल्यामागं धुमसती लीद असते. मी तिथूनच आणते. जा आई, लवकर.”

सुशीलाबाई तशाच बाहेर पडल्या, कोपरापर्यंत बरबटलेल्या. गल्ली माणसांनी फुलली होती. रेडिओवर आत्ताच सांगितलं होतं, निजाम शरण आला. लोक गळ्यात गळे घालत होते, गुलाल उडत होता. काहींच्या हातात काठ्याही होत्या. मौलाबक्ष टांगेवाल्याचं दार तेवढं आतून बंद होतं.

“कौन?” आतून मौलाबक्षनं विचारलं.

“मैं सुशीलाबाई. दरवाजा खोलो, मौलाभाई. लीद होना.”

“आज नक्को, अम्मा. बाहर लोगां हैं. मारतैं मेरेकू.”

सुशीलाबाईंनी दाराला कपाळ टेकलं. “मेरी पोती मर रई, भाई.”

कडी निघाली.

वाफाळत्या लिदीचं घमेलं डोक्यावर घेऊन मौलाबक्ष निघाला. पुढे सुशीलाबाई. घोळक्यातून शेजारचे हणमंतराव आडवे आले. त्यांच्या मागं काठ्याही आल्या.

“सुशीलाबाई, आजच्या दिवशी ह्याला कुठं घेऊन चाललात? ठेव रे ते घमेलं खाली!” त्यांनी हात पुढे केला.

“शिवू नका!” सुशीलाबाई ओरडल्या. आयुष्यभर ज्याची सावली त्यांनी अंगावर पडू दिली नव्हती, त्या मौलाबक्षची बाही त्यांनी लिदीच्या हातानं घट्ट धरली. “सोयर आहे आम्हाला.”

पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं हणमंतराव दोन पावलं मागं सरले. त्यांच्यामागचेही सरले. कुणी नाक धरलं. वाट झाली.

परसात दोघांनी पातेल्याभोवती लीद दाबली. सुशीलाबाईंना आता गार-गरम काही कळत नव्हतं. हात बधिर झाला होता. त्यांनी मौलाबक्षचं मनगट धरून ढिगात घातलं.

“देखो, भाई. सोसेल का तिला?”

त्यानं डोळे मिटले. घोडीच्या पोटावर हात ठेवावा तसा थोडा वेळ हात आत राहू दिला. “बराबर है, अम्मा.”

बाहेर बार उडाला. जयजयकार झाला.

“आई, कसला गलका?” तारामतीनं आतून विचारलं. “हे सुटणार का आता?”

दोघं पातेल्यावर ओणवे झाले होते, आपला श्वास लागून तो धागा हलू नये म्हणून तोंडावर हात धरून.

धागा हलला.