दोन उन्हं

दिवस उगवताना मुंजाबाच्या गवताच्या गंजीतून धूर निघत होता आणि जमलेलं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. अर्धं शिवार ज्यांचं, त्या नानासाहेबांनी एकदाच विचारलं, कोणी लावली?

उत्तर सगळ्यांनी घरूनच आणलं होतं. आठवड्यापूर्वी गवतकापणीच्या मजुरीवरून मुंजाबाचं आणि कचरूचं भर चावडीपुढं वाजलं होतं. चितेगावच्या कारखान्यात मिळते तेवढी मजुरी द्या, असं कचरूचं म्हणणं. मुंजाबाने दिली नाही. कचरू विळा कमरेला खोचून ओढ्यापलीकडच्या आपल्या वस्तीत निघून गेला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं निघाल्यापासून अशा वस्त्या जीव मुठीत धरून होत्या. खालच्या अंगाच्या दोन गावांत तर त्यांची घरंच उरली नव्हती. आज आग बघायला आलेल्यांपैकी एकाच्याही हातात घागर नव्हती. दोघांकडं रॉकेलचे डबे मात्र होते.

मुंजाबाची बायको बानाबाई गोठ्यापाशी उभी होती. बोलायचं ते ती आधीच बोलली होती. गवताला अजून दोन उन्हं दाखवा, मग रचा. पण मेंढरं विकून गवताचं रान खंडाने धरलेल्या मुंजाबाचं डोकं नफ्यात गुंतलेलं. शहरातला तबेलेवाला पेंढीवर नाही, काट्यावर माल घेणार होता. कापणी, दोर, गाडीभाडं, सगळं त्याने बोटांवर मोजलं. वाळलं की वजन जातं आणि वजन गेलं की नफा जातो, म्हणून गवत दमट असतानाच रचलं, वरून दाबलं, आणि स्वतःवर खूश झाला. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

दाबलेलं ओलं गवत आतून तापतं. गंजी तशीच बंद ठेवून पाणी मारलं तर निम्मी तरी वाचली असती. उघडली तर वारं शिरून सगळी पेटणार होती. आणि उघडल्याशिवाय कचरू सुटत नव्हता.

मुंजाबाला भीती वाटत होती. गवताची होतीच, त्याहून जास्त या माणसांची. यांच्याच बांधावरून त्याला रोज जायचं होतं. ओढ्यापलीकडं एक लेकरू रडायला लागलं आणि त्याचं रडं मध्येच तुटलं. कोणीतरी तोंड दाबलं असावं.

त्याने दोन्ही हातांनी गंजीच्या पोटातल्या पेंढ्या ओढल्या. बाहेरच्या पिवळ्या, आतल्या काळ्याठिक्कर. हात भाजले. वारं शिरलं आणि भक्कन जाळ उठला.

"बघा," तो म्हणाला. "आग आतून हाय. कोणी लावली नाय. म्याच ओलं रचलं. हाव नडली माझी."

कोणी दचकलं नाही. नानासाहेबांनी पायाशी पडलेली काळी पेंढी उचलली, नाकाशी धरली आणि पुन्हा जाळात टाकली. जन्मभर वैरण रचत आलेला माणूस.

"ते आल्या आल्या वासावरनंच कळलं होतं आमाला," ते शांतपणे म्हणाले. "तू निस्तं कचरूचं नाव घे."