गुळांबाची शिकवणी

"सर, खुर्ची जरा मागे घ्या ना," वाचनालयाच्या ताईंनी पुन्हा विनवलं. खुर्ची वीतभर मागे गेली आणि निवृत्त मुख्याध्यापक आजोबा हातभर पुढे झुकले.

वाचताना अडखळली म्हणून वर्गातली मुलं हसली, त्या दिवसापासून त्यांची नात मोठ्याने वाचत नव्हती. मग आजोबांनी घरीच शिकवणी घेतली, तेव्हापासून ती मनातल्या मनातही वाचेना. शेवटचा उपाय म्हणून आज ती सतरंजीवर बसून गुळांबा नावाच्या कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवत होती. गुळांबा चुका काढत नसे. या एकाच गुणावर वाचनालयाने त्याची नेमणूक केली होती.

"को... कोल्हा म्ह... म्हणाला..."

आजोबांचे ओठ केव्हाच पुढच्या ओळीवर पोचले होते. पाय हलत होता, खुर्ची कुरकुरत होती. एवढ्यात गुळांबा उठला, नातीला सोडून थेट आजोबांकडे आला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसला.

नातीने पुस्तक मिटलं. "त्यालाही कंटाळा आला."

"नाही गं," ताई म्हणाल्या, "खोलीत जो सगळ्यात घाबरलेला असेल त्याच्याजवळ जायचं, असं त्याला शिकवलंय."

"घाबरलेला? मी?" ज्या आवाजाने अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, तो चिरकला.

नात त्यांच्याकडे बघतच राहिली. मग पुस्तक घेऊन त्यांच्या पायाशी येऊन बसली आणि पहिल्यापासून वाचू लागली. दुसऱ्याच ओळीत अडली. आजोबांनी तोंड उघडलं.

"शू!" ती म्हणाली. "गुळांबा ऐकतोय."