चंपतचा अंगठा

रुक्मानं चंपतच्या ताटातली मटणाची वाटी उचलली आणि तिथं दोडक्याची भाजी वाढली.

"एका वाटीनं काय होते?" चंपत म्हणाला.

"मंग रात्रभर बोंबलता, ते होते."

चंपत पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन हुडको कॉलनीत राहायला आला होता. मागच्या वर्षी त्याच्या उजव्या पायाचा अंगठा एकाएकी सुजून लालबुंद झाला. चादरीचा स्पर्शही सहन होईना. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गाऊट असल्याचं सांगितलं. युरिक ॲसिड वाढून त्याचे बारीक खडे सांध्यात साचले होते. दारू बंद, मटण-कलेजी बंद, पाणी भरपूर, गोळी रोज.

रुक्मानं सगळं हातात घेतलं. अंगठा ठणकला की फडक्यात बर्फ गुंडाळून धरून बसायची. गोळी तिच्यासमोर गिळावी लागायची. एकदा चंपतनं चिडून ताट भिरकावलं. तिनं फरशी पुसली आणि तेच जेवण पुन्हा वाढलं.

सूज उतरल्यावर तिनं त्याला भात लावायला, भाजी फोडणीला टाकायला शिकवलं.

"हे माझं काम आहे का?"

"उभं राहाची सवय पायजे."

दारू सुटली तशी घरातली आदळआपटही थांबली. शेजारच्या अंजनाबाई म्हणायच्या, "अशी बायको नशिबानं भेटते, भाऊ."

आज डॉक्टर रिपोर्ट पाहून खूश झाले. युरिक ॲसिड आटोक्यात आलं होतं. "बस, गोली अपने मन से बंद मत करना."

"अब ये अपना सब कर लेंगे ना?" रुक्मानं विचारलं.

"आराम से."

दवाखान्यातून दोघं पायीच घरी आले. चंपत कठडा न धरता जिना चढला. खुर्चीत टेकत तो म्हणाला, "तू नसती तर मी खाटेवरच राहिलो असतो, रुक्मा."

असं तो तिला कधी बोलला नव्हता. रुक्मानं गोळ्या टीव्हीजवळ, समोर दिसतील अशा ठेवल्या. पाण्याची बाटली भरली. मग आतून बॅग घेऊन आली.

"कुठं चालली?"

"रायपूरले. प्रेरणाकडं."

"पोरीकडं? मंग येशीन कधी?"

"आता नाही येत मी. मागच्या वर्षीच चालली होती. बॅग भरली, अन् तुमचा अंगठा सुजला."